सोन्याच्या डबीतली चिंधी

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीला गेलेली मंडळी तीन नंबरच्या चैत्यगृहात शिरतात, व्हरांड्यातल्या उंचच उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि पायऱ्या चढून पुढे निघतात. चैत्यगृहाच्या समोरच्या जागेकडे सहसा कोणी ढुंकून बघत नाही. एके काळी तिथे स्तूप होते. 1839 साली डॉ. जेम्स बर्ड यांनी त्यातला सर्वांत मोठा उकरला. तळाशी एक गोल दगड लागला, मधोमध पोखरलेला आणि वरून जिप्समने झाकलेला. आत तांब्याचे दोन छोटे कलश. एकात चांदीची डबी आणि राख. दुसऱ्यातही राखच, पण तिच्यात एक माणिक, एक मोती, सोन्याचे बारीक तुकडे आणि सोन्याची इवलीशी डबी. डबीत काय असावं? कापडाचा एक तुकडा!

माणिक-मोती राखेत मोकळे आणि चिंधीला मात्र सोन्याची डबी. ठेवणाऱ्याच्या लेखी मौल्यवान काय होतं, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? आजीच्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा गोधडीत शिवून घेणाऱ्यांना तरी हे समजावून सांगायला नको.

सोबतच्या ताम्रपटावर पत्ताही होता. सिंध देशातल्या कनक गावच्या बुद्धरुची नावाच्या माणसाने कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्या, महाविहारात हा स्तूप उभारला, तोही बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्र यांच्या नावाने. साल त्रैकूटक संवत 245, म्हणजे इ.स. 494-95च्या आसपास. सारिपुत्रांना जाऊन तेव्हा सुमारे नऊशे वर्षं लोटली होती. इतक्या जुन्या माणसाची आठवण ठेवायला कोणीतरी सिंधहून बोरिवलीच्या डोंगरात आलं होतं.

चर्चगेटहून विरारची लोकल पकडली तर बोरिवलीच्या पुढे नालासोपारा लागतं. तिथला नमुना तर याच्यावर कडी करणारा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला आणि त्याभोवती आठ छोट्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यात सोन्याचा. एवढी झाकणं उघडल्यावर हाती आली सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याची तेरा बारीक खापरं. ती बुद्धांच्या भिक्षापात्राची, अशी श्रद्धा. ही ठेव आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

पण राख, वस्त्र, पात्राचं खापर असं काही प्रत्येकाच्या वाट्याला कुठून यायचं? सामान्य भाविकांसाठी म्हणून एक फार हुशार सोय निघाली. बुद्धांच्या शिकवणीचं सार सांगणारा छोटासा श्लोक घ्यायचा, तो साच्यात उलटा कोरायचा आणि ओल्या मातीचा गोळा त्यावर दाबायचा. शिकवण हाच बुद्धांचा खरा देह, असं एकदा मानलं की ती मातीची टिकलीही अस्थीइतकीच पवित्र. साचा एक, टिकल्या हव्या तितक्या. सातव्या शतकात भारतात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने लोक छोटे छोटे स्तूप घडवून त्यात धर्मवचनं ठेवतात, असं लिहून ठेवलं आहे. बोधगयेच्या मंदिराचा छाप असलेल्या मुद्रा पार ब्रह्मदेशात सापडल्या आहेत. साधारण ह्युएनत्संगाच्याच सुमाराला पॅलेस्टाइनच्या यात्रेला जाणारे ख्रिस्ती लोक तिथलं पवित्र तेल चिमुकल्या कुप्यांत भरून घरी आणत. तशा कुप्या इटलीतल्या मोन्झाच्या चर्चमध्ये अजून जपलेल्या आहेत.

कान्हेरीच्या एका लेण्यात 1853 साली अशा मातीच्या मुद्रांचा ढीगच निघाला. कित्येक तर मातीच्याच डब्यांत बंद. बहुतेकांवर तोच श्लोक, अक्षरांचं वळण दहाव्या शतकाच्या सुमाराचं. विकत घेतलेली आठवणवस्तू आपण घरी आणून शोकेसमध्ये ठेवतो. इथे ती देवस्थानातच ठेवून जायची रीत होती. जागेने माणसाची आठवण ठेवावी, अशी ही योजना. मला ती आपल्या फ्रिजवरच्या मॅग्नेटपेक्षा कितीतरी धीट वाटते.

या मुद्रा शोधणारा माणूसही नमुनेदार. एडवर्ड वेस्ट हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे इंजिनिअर. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याच वर्षी हे गृहस्थ इकडे लेण्यात माती चाळत होते. पुढे ते इराणच्या जुन्या पहलवी भाषेचे जगन्मान्य पंडित झाले आणि त्यांनी कान्हेरीतलंच आणखी एक कोडं सोडवलं. नव्वद नंबरच्या लेण्यात भिंतीवर काही पहलवी ओळी कोरलेल्या आहेत. वाचून बघतात तो काय, देवाचं नाव, यज्दगर्दी या पारशी सनाचा दिवस-महिना-वर्ष आणि मग आलेल्या मंडळींची यादी, बापाच्या नावासकट! 10 ऑक्टोबर 1009 रोजी आम्ही अमुक-तमुक इथे आलो होतो, एवढाच मजकूर. पारशी मंडळी बौद्ध लेण्यात आली आणि नावं कोरून गेली. दीड महिन्याच्या आत, 24 नोव्हेंबरला, दुसरा लेख. मग 30 ऑक्टोबर 1021ला आणखी एक. पुढच्यांनी मागच्यांची नावं भिंतीवर पाहिली असणार आणि आपणही लिहावं असं त्यांना वाटलं असणार, यात मला तरी शंका नाही.

आज तिथे किल्लीने बदाम काढून दोन आद्याक्षरं कोरणाऱ्याला 1958च्या स्मारक कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि व्हायलाच हवं. गंमत इतकीच की त्याच कायद्याने त्या पारशी मंडळींची नावं मात्र सुरक्षित आहेत.