गर्भाशयातील तंतुगाठी

गर्भाशय हा मुख्यतः स्नायूंचा बनलेला पोकळ अवयव होय. आकाराने तो उलट्या ठेवलेल्या नासपतीसारखा असून त्याची लांबी सुमारे ७.५ सेंटिमीटर असते. त्याच्या भिंतीतील एखादी स्नायुपेशी कधी कधी नेहमीची मर्यादा सोडून वाढू लागते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा पेशी होत जातात, त्यांच्याभोवती तंतुमय द्रव्य साचते आणि एक घट्ट, वाटोळी गाठ तयार होते. हिलाच तंतुगाठ अथवा फायब्रॉइड असे म्हणतात. अशा बहुतेक गाठींतील पेशींच्या एका विशिष्ट जनुकात बदल झालेला असतो, असे २०११ साली फिनलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले.

ही गाठ वाढते ती बीजकोशांतून स्रवणाऱ्या ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या बळावर. म्हणूनच पाळी सुरू होण्यापूर्वी ती सहसा आढळत नाही, तिशी-चाळिशीत तिचे प्रमाण अधिक असते आणि पाळी कायमची थांबल्यावर ती बहुधा आक्रसते. ती दुर्मिळ मुळीच नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून असे अनुमान निघाले, की वयाच्या पन्नाशीपर्यंत निम्म्याहून कितीतरी अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात अशा गाठी झालेल्या असतात. परंतु त्यांपैकी अनेकींना त्यांचा काहीच उपद्रव होत नाही.

उपद्रव होणे न होणे हे गाठीच्या आकाराइतकेच तिच्या जागेवर अवलंबून असते. बाहेरच्या अंगास वाढलेली मोठी गाठ कित्येक वर्षे कळतही नाही. फार वाढली तर मूत्राशयावर दाब पडून वारंवार लघवीस जावे लागते, किंवा बद्धकोष्ठता जडते. उलट, आतल्या पोकळीत डोकावणारी लहानशी गाठही पुष्कळ रक्तस्राव घडवून आणते. गर्भधारणेत अडथळा येण्याचा संभवही अशाच गाठीमुळे अधिक असतो.

या रक्तस्रावाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे हिशेबाने पाहू. एका पाळीत साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरहून अधिक गेल्यास तो अतिस्राव समजतात. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे १२० मिलिलिटर रक्ताबरोबर ६० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. अन्नातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याकाठी फार तर ६० मिलिग्रॅम लोह शोषले जाते. त्यातलेही जवळजवळ निम्मे त्वचा व आतडी यांवाटे नित्य नष्ट होते. अशा रीतीने दर महिन्यास तूट येत जाते, साठा संपतो आणि रक्तक्षय होतो. थकवा येणे, जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु “बायकांचे हे असेच असते” असे म्हणून अंगावर काढलेला अतिस्राव हे त्यांतील एक होय.

गाठ म्हणताच कर्करोगाची धास्ती वाटते. तंतुगाठ ही कर्करोगाची गाठ नव्हे. तंतुगाठ समजून काढलेली गाठ मारक निघावी, असे क्वचितच घडते. सोनोग्राफीने, म्हणजे ध्वनिलहरींच्या साहाय्याने, गाठीची जागा व आकार वेदनेवाचून कळतात.

त्रास नसल्यास केवळ अधूनमधून तपासणी पुरते. स्राव कमी करणारी औषधे, गर्भाशयात बसवावयाचे संप्रेरकयुक्त साधन व लोहाच्या गोळ्या यांनी अनेकींना आराम पडतो. मूल हवे असल्यास शस्त्रक्रियेने गाठ तेवढी काढून गर्भाशय राखता येते. गाठीस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या बंद करण्याचा उपायही १९९५ पासून ज्ञात आहे. गर्भाशय काढून टाकणे हा कायमचा उपाय खरा. काही स्त्रियांच्या बाबतीत तोच योग्य ठरतो. तथापि तो पहिला उपाय नव्हे. बिहार, छत्तीसगढ व राजस्थान येथील अनावश्यक शस्त्रक्रियांच्या तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली, अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पाळी सात दिवसांहून अधिक लांबली, रक्ताच्या मोठ्या गुठळ्या पडू लागल्या, दोन पाळ्यांच्या मध्येच स्राव झाला किंवा ओटीपोट जड वाटू लागले, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. पाळी थांबून वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसल्यास तर मुळीच विलंब करू नये. आणि गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास, दुसरे कोणते उपाय शक्य आहेत, हे विचारून घ्यावे. असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो प्रत्येक स्त्रीचा हक्कच आहे.