खुंटी बसली पाहिजे

मला मिरजेला धाडलं ते भाच्याच्या गिटारनं. तारा पिळायच्या चाव्या झिजल्या म्हणून त्यानं नव्या मागवल्या. त्यांना १० मिलिमीटरचं भोक लागत होतं आणि गिटारच्या माथ्यावरची जुनी भोकं त्याहून लहान होती. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोरानं हातातलं ड्रिल सरळ जुन्या भोकात घातलं. पण तिथं बिटाच्या टोकाला धरायला लाकूडच कुठं होतं? बिट भरकटलं आणि मागून पॉलिशसकट एक ढलपा उडाला.

गिटार दुरुस्त करणाऱ्या एका जाणकारानं पुढे ती निस्तरली. त्यानं भोकात कठीण लाकडाची गुल्ली चिकटवली, माथ्याखाली फळीचा तुकडा घट्ट बांधला, म्हणजे बिट बाहेर पडताना लाकूड फाटत नाही. मग नवा मध्य काढून उभ्या ड्रिलवर सावकाश भोक पाडलं. काम झाल्यावर म्हणाला, "आमचं भोक म्हणजे नुसती जागा हो. काम सगळं चावीच्या पेचाचं. भोकानंच काम करायचं असेल तर ते मिरजेत, तंबोऱ्याच्या खुंटीपाशी बघा."

मिरजेची ओळख थोडक्यात उरकतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. शस्त्रांना धार लावणारं, त्यांची डागडुजी करणारं शिकलगार घराणं. संस्थानी काळात तलवारींचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्या घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले, असं सांगतात. धंद्यावरून आडनाव पडलं सितारमेकर. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी याच गावात बिऱ्हाड केलं, तंबोऱ्याच्या स्वराबद्दल कारागिरांचे कान तयार केले. 1937 साली ते गेले, मिरजेच्या दर्ग्यातच विसावले. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, दांडीला तुणीचं लाकूड.

सितारमेकर गल्लीत मी ज्यांच्यासमोर बसलो ते सत्तरीचे कारागीर. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणालो. भोपळ्यावरचं नक्षीकाम दाखवायला त्यांनी मुलाला बोलावलं. मी म्हटलं, "चाचा, मला फक्त खुंटीचं भोक दाखवा." ते हसले. "फोटो काढायला येणारे सगळे नक्षी बघतात. भोक बघायला तुम्हीच आलात."

गिटारच्या चावीत स्क्रूसारखा एक पेच असतो आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक. साधारण 14 वेळा चावी फिरवावी तेव्हा तार गुंडाळणारा खांब एकदा फिरतो. शिवाय तारेच्या ओढीनं तो उलटा फिरत नाही, कारण चाकाला पेच फिरवता येत नाही. तंबोऱ्याला यातलं काहीच नाही. लाकडाची निमुळती खुंटी, लाकडातलं निमुळतं भोक आणि दोघांमधलं घर्षण. खुंटी जेवढी फिरेल तेवढीच तार ओढली जाणार. म्हणून खुंटीनं सूर जवळ आणायचा आणि उरलेली किंचित कसर घोडीखालच्या तारेवरचा मणी सरकवून भरायची. दिवसभर चार तारांची ओढ सोसायची ती मात्र त्या भोकांनीच.

चाचांनी आधी गिरमिटानं सरळ भोक पाडलं, त्याला मिनिटही लागलं नाही. मग एक लांब, निमुळतं, कडा असलेलं हत्यार आत घालून हातानं फिरवायला सुरुवात केली. दोन वळसे, बाहेर. भुसा फुंकला. पुन्हा दोन वळसे. खुंटीला खडू घासून ती भोकात फिरवली, काढली, उजेडात धरली. वरच्या टोकाला खडू पुसला गेला होता, खालच्या टोकाला जसाच्या तसा. "वर घासतेय, खाली लोंबतेय. अशी खुंटी रात्री सुटते." खुंटीवरून कानस एकदाच फिरली. पुन्हा खडू, पुन्हा उजेड. मी मोजत होतो, अकरा खेपा झाल्या. बाराव्या खेपेला खडू वरपासून खालपर्यंत सारखा पुसला गेला. चाचांनी दोन बोटांनी खुंटी आत दाबत फिरवली. कुरकुर नाही, झटका नाही. "बसली," एवढंच म्हणाले, आणि खुंटीवर आणि भोकाशेजारी एकेक बारीक खूण केली. ही खुंटी आता दुसऱ्या भोकाला चालणार नाही.

मी आणखी तीन भोकं बघायला थांबलो. प्रत्येक वेळी वाटलं, आता हात कळला. प्रत्येक वेळी खडूनं खोटं पाडलं.

अडचणी विचारल्या आणि चहा निवला. भोपळ्याच्या पिकाचा भरवसा नाही, अवकाळी पावसात मोठे भोपळे सडतात. मुलाला नक्षी येते, खुंटीला तो बसत नाही, कारण त्या कामाचा वेगळा पैसा गिऱ्हाईक देत नाही. 1980 च्या आगेमागे विजेवरचा तंबोरा आला, आता तो मोबाइलमध्येच मिळतो. क्लासला जाणारी मुलं कधी खुंटीला हात लावत नाहीत, तेव्हा जुळवणं म्हणजे काय हे त्यांना कळायचं कसं? काही छोट्या तंबोऱ्यांना आता गिटारसारख्या चाव्या बसवतात. चाचांना त्याचा राग नाही. "प्रवासाला बरं पडतं," ते म्हणाले. "पण मग भोक कुणीही पाडेल."

मला खरी धास्ती इथंच वाटते. नवा तंबोरा चाव्यांवर चालेल, पण ठिकठिकाणच्या घरांत पन्नास-साठ वर्षांचे तंबोरे आहेत. त्यांचा भोपळा धड असतो, दांडी सरळ असते, जवारी, म्हणजे घोडीवरची तारांची बैठक, पुन्हा काढून घेता येते. झिजतं ते भोक. खुंटी सुटायला लागते, घरातलं कुणीतरी तिच्याभोवती कागद गुंडाळतं किंवा डिंक लावतं आणि उत्तम वाद्य गवसणीत जाऊन बसतं. मानांकनानं मिरजेचं नाव राखलं जाईल, पण त्या बारा खेपा कुणाला शिकवता येत नाहीत. त्यासाठी शेजारी बसावं लागतं, आणि चाचांच्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामी होती. तिथं मी बसलो होतो.

तेव्हा घरात तंबोरा असेल तर एवढं करा. खुंटी नुसती पिळू नका, आत दाबत फिरवा. सरकत असेल तर खडू लावा, कागद नको, डिंक तर मुळीच नको. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडली तर पकड लावू नका, हवा कोरडी होईपर्यंत थांबा. आणि एवढं करूनही ती सुटत असेल तर वाद्य मिरजेला न्या, आणि बिलात खुंटीच्या कामाचे पैसे वेगळे लावायला सांगा.