डब्यावर ‘मसाजर’ लिहिलेलं असतं : व्हायब्रेटर निवडताना

आजचं बोलणं रात्री साडेनऊला लावलंय ते मुद्दामच. लेकरं झोपली असतील, भांडी आवरून झाली असतील. ज्यांना हा विषय ऐकायचा नसेल त्यांनी खुशाल रेडिओ बंद करावा, आम्हाला राग नाही.

गटाची बैठक संपते, वहीवर सह्या होतात, आणि एखादी ताई मागं थांबते. चपला शोधायचं निमित्त असतं. मग हळूच विचारते, “मोबाईलवर बायकांसाठीचं एक मशीन दिसतं, ते काय असतं हो?” असं तीन-चार गावांत झालं. एकीनं तर ते मागवलंही होतं, तीनशेच्या आतलं. डबा उघडल्यावर नव्या टायरसारखा वास. वापरल्यावर आठ दिवस आग आणि खाज. डॉक्टरांकडे जायची लाज, म्हणून घरीच सोसत बसली. दुसरी ऊसतोडीला जाणारी. बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढलेली. तिचा प्रश्न मशीनचा नव्हताच. ती म्हणाली, “पिशवी गेली म्हणजे आता आपल्यात काही उरलं नाही, असं घरात म्हणतात. खरं का ते?”

तिच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण वस्तू कोणती घ्यायची हे त्याच्या उत्तरावरच ठरतं.

बाईच्या शरीरात लघवीच्या जागेच्या जरा वर एक छोटा उंचवटा असतो. पुस्तकात त्याला शिश्निका म्हणतात, आपण इथे दाणा म्हणू. या अवयवाचं काम एकच, सुख देणं. बाहेर दिसतं ते नुसतं टोक. बाकीचा भाग आत, योनीमार्गाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या मूत्ररोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी त्याची पूर्ण रचना नीट मांडली ती १९९८ साली. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आला त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी! पुष्कळ बायकांना नुसत्या संबंधातून समाधान मिळत नाही, या दाण्यापाशी स्पर्श झाला तरच मिळतं. त्यात बाईचा दोष नाही, आणि नवऱ्याचाही असतोच असं नाही. शरीराची घडणच तशी आहे.

आता पिशवीचं. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये बीडमुळे विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. पिशवी काढणं गरजेचं होतं की नव्हतं, तो वेगळा आणि मोठा विषय. पण शस्त्रक्रियेत पिशवी जाते, दाणा जात नाही. काहींना सुखाच्या जाणिवेत थोडा फरक वाटतो, काहींना काहीच वाटत नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले असतील तर योनीमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखतं. पाळी थांबलेल्या बायकांनाही हाच त्रास होतो. त्यावर उपाय आहेत, डॉक्टर मलम देतात. तर ताई, घरातले म्हणतात ते खरं नाही.

आणि हे सगळं ‘बाहेरून आलेलं खूळ’ आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना र. धों. कर्वे सांगा. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी मराठीत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, संततिनियमनाबद्दल आणि बाईच्या सुखाबद्दल लिहिलं, वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापून उत्तरं दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपल्या आज्यांच्या काळात जे मराठीत छापून येत होतं, ते आज बोलायला आपण का घाबरावं?

व्हायब्रेटर म्हणजे आत छोटी मोटर असलेली, थरथरणारी वस्तू, बस. मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यावर थरथरतो, तेच तत्त्व. आणि आधीच सांगतो, ही वस्तू घेतलीच पाहिजे असं अजिबात नाही. देवानं हात दिलेत. पण ज्यांना घ्यायची आहे त्यांनी आंधळेपणानं घेऊ नये, म्हणून पुढचं.

पहिल्यांदा घेणारीसाठी आम्ही बाहेरून वापरायचाच सुचवू. त्यातला सर्वांत साधा प्रकार बुलेट. नाव ऐकून हसू नका, फटफटीचा काही संबंध नाही. बोटाएवढा असतो, ओढणीत लपतो, स्वस्त असतो. आत घालायचा नसतो, दाण्याच्या आसपास टेकवायचा. मात्र स्वस्त बुलेटची थरथर बऱ्याचदा डास गुणगुणल्यासारखी वरवरची असते. काहींना तेवढी पुरते, काहींना नुसती गुदगुली होऊन चिडचिड होते. तळहातात मावणारा, गुळगुळीत गोट्यासारखा चपटा प्रकारही मिळतो. ज्यांची बोटं संधिवातानं दुखतात त्यांना तो धरायला सोपा.

दुसरा वाँड. ताकाची रवी उलटी धरली तर जशी दिसेल तसा, लांब दांडा आणि वर गोल डोकं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हिताचीचं असं यंत्र आलं, ते पाठ चोळायचं मसाजर म्हणून. बायकांनी त्याचा आपला उपयोग आपणच शोधला. याची थरथर खोल असते, ट्रॅक्टरच्या सीटवर बसल्यासारखी. ज्यांना हलक्या थरथरीनं काही जाणवत नाही, पाळी थांबल्यावर संवेदना मंद झाल्यात, त्यांना हा बरा पडतो. कपड्यावरून वापरला तरी चालतो, सुरुवात तशीच करावी. खरोखर कंबर दुखली तर तिथंही चालतो, म्हणजे घरात सापडला तरी उत्तर तयार! तोटा एकच, मोठा असतो आणि घरघरतो. पत्र्याच्या घरात, पलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना हा आवाज लहान गोष्ट नाही. वस्तूच्या माहितीत आवाजाबद्दल काय लिहिलंय ते बघा, घेतलेल्यांनी काय म्हटलंय तेही वाचा.

तिसऱ्या प्रकारात थरथर नसतेच म्हणा. छोटं तोंड असतं, ते दाण्यावर ठेवायचं आणि हवेच्या हलक्या दाबाचे हबके बसतात. किंमत जास्त. काही बायकांना हा सगळ्यांत आवडतो, काहींना फार तीव्र वाटतो. पहिली खरेदी म्हणून आम्ही हा सांगणार नाही.

आत घालायचे प्रकार वेगळे. कुणी सरळ, कुणी टोकाला वाकडे. एकाला ससा म्हणतात, एक भाग आत आणि सशाच्या कानांसारखा दुसरा बाहेर दाण्यापाशी. ऐकायला छान, पण प्रत्येकीच्या शरीरातलं अंतर वेगळं असतं, कान बरोबर जागी येतीलच असं नाही. घेणारच असाल तर जाडी आपल्या दोन बोटांपेक्षा जास्त नको. चित्रात वस्तू किती मोठी दिसते यावर जाऊ नका, सेंटिमीटर वाचा आणि ब्लाउजच्या मापाच्या टेपनं बघा. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत काही घालायचं नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो. शौचाच्या जागी बुड पसरट नसलेली कोणतीही वस्तू घालू नका. ती आत सरकते, हाताला लागत नाही, आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते.

प्रकारापेक्षाही महत्त्वाचं काय, तर ती कशाची बनली आहे. शरीराला लागणारा भाग चांगल्या सिलिकॉनचा किंवा कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकचा असावा. हे पाणी शोषत नाहीत, धुतले की स्वच्छ होतात. जेलीसारखं पारदर्शक, लिबलिबीत, वास मारणारं रबर घेऊ नका. त्याला बारीक छिद्रं असतात, घाण आत राहते, आणि ते मऊ करायला घातलेली रसायनं त्रास देऊ शकतात. आपल्या त्या ताईला आलेला वास हाच. वास आला की वस्तू कचऱ्यात, पैसे गेले तरी चालतील.

वंगण हवंच, विशेषतः कोरडेपणा असेल तर. औषधाच्या दुकानात पाण्यापासून बनवलेलं जेल मिळतं, ते सगळ्या वस्तूंवर चालतं. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं जेल लावलं तर वस्तू चिकट होऊन खराब होते. खोबरेल तेल घरात असतंच, पण तेलानं रबरी निरोध फाटतो हे लक्षात ठेवा. बाम, वासाची क्रीम, बधीर करणारं मलम यांचं तर नावही नको.

चार्जिंगचा घ्यावा की सेलचा? आपल्याकडची वीज बघता सेलचा सोयीचा वाटतो, आणि त्यात चूक काही नाही. पण बटणासारखे चपटे सेल असलेला घरात लहान मूल असेल तर टाळा. तसा सेल पोरानं गिळला तर अन्ननलिका भाजते, तासाभराचाही उशीर परवडत नाही. चार्जिंगचा मोबाईलच्या साध्या चार्जरवर होतो. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. ‘आयपीएक्स ७’ असं लिहिलेलं असेल तर तो पाण्यात बुडवून धुता येतो, तसं नसेल तर नुसत्या ओल्या फडक्यानं पुसायचा. मोबाईलच्या ॲपवर चालणारे आम्ही सुचवत नाही. आपली खासगी माहिती कुठं जाते ते कळत नाही. कॅनडातल्या एका कंपनीवर याच कारणानं खटला झाला आणि २०१७ मध्ये तिला गिऱ्हाइकांना भरपाई देणं कबूल करावं लागलं.

पोलीस धरतील का, हा प्रश्न हमखास येतो. अशी वस्तू घरात ठेवणं किंवा वापरणं हा गुन्हा नाही. अश्लील वस्तूंच्या विक्रीचा आणि प्रदर्शनाचा कायदा आहे, म्हणून विकणारे डब्यावर ‘पर्सनल मसाजर’ लिहितात. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी असे मसाजर अश्लील म्हणून अडवले होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. देशात उघड विकली जाणारी वस्तू आयात करताना अश्लील कशी, असा साधा हिशेब होता.

मागवताना पार्सल घरी येऊन दिराच्या हाती पडणार नाही हे बघा. तालुक्याला जाऊन घेता येत असेल तर उत्तम. पाकीट साधं असतं का ते आधी विचारा. अनोळखी नंबरवरून “ताई, आगाऊ पैसे पाठवा” असा मेसेज आला तर पाठवू नका. आणि “तुम्ही काय मागवलंत ते घरी सांगू” अशी धमकी आली तर घाबरून पैसे देऊ नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. लाजेचा धंदा करणारे टपलेलेच असतात. आणखी एक, गटाच्या अंतर्गत कर्जातून ही खरेदी नको. हौसेची वस्तू हौसेच्या पैशातून.

गटात आपण सगळं फिरवून वापरतो. शेवयांचं मशीन, मोठी पातेली, सतरंज्या. ही वस्तू मात्र जिची तिचीच. जिवाभावाची मैत्रीण असली तरी द्यायची नाही, एकीचा संसर्ग दुसरीला लागतो. आधी आणि नंतर कोमट पाण्यानं, साध्या साबणानं धुवा, पूर्ण कोरडी करा, सुती पिशवीत घालून कुलपात ठेवा. मोटर असलेली वस्तू उकळायची नाही.

थोड्या वेळेलाच, आणि सगळ्यांत हलक्या वेगावर सुरू करा. जोरात आणि फार वेळ वापरल्यावर तिथं बधीरपणा येतो, तो थोड्या वेळानं जातो. सवय लागून शरीर खराब होतं, अशक्तपणा येतो, मूल होत नाही, यातलं काही खरं नाही. पण बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायचं, किमान सहा आठवडे तरी. खाज, वास येणारं पांढरं पाणी, जखम असेल तेव्हा नाही. गरोदरपणात रक्तस्राव झाला असेल किंवा छातीत पेसमेकर बसवला असेल तर आधी विचारा. आणि पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मशीन राहू द्या बाजूला, लगेच डॉक्टरांकडे जा.

नवऱ्याला सांगावं का? ज्यांचं बोलणं आहे त्यांनी सांगावं. एका ताईनं सांगितलं तर तो आधी रुसला, “मी कमी पडतो का?” म्हणाला. तिनं हेच दाण्याचं शास्त्र सांगितलं. आता तो मुंबईहून सुटीवर येतो तेव्हा सेल तोच घेऊन येतो, असं ती सांगते आणि पदरात तोंड लपवून हसते. ज्यांच्या घरी मारहाण आहे, संशय आहे, त्यांनी सांगायची घाई करू नये. आणि नको असताना नवऱ्यानं अशी वस्तू वापरायची जबरदस्ती केली तर तो अत्याचारच. १८१ क्रमांकावर फोन करता येतो.

राहिला एका साठीच्या मावशींचा प्रश्न. पंधरा वर्षं झाली विधवा होऊन. विचारलं, “या वयात हे शोभतं का?” मावशी, त्या दाण्याला तुमचं वय कळत नाही आणि कुंकूही. तुमच्यासाठी हलका, चपटा, मोठ्या बटणाचा आणि सेलवर चालणारा बघा, बरोबर पाण्याचं जेल घ्या. बटण चष्म्याशिवाय सापडलं पाहिजे, तेवढं नक्की बघा.

पुढच्या आठवड्यात याच वेळी पाळी थांबतानाच्या त्रासांवर बोलू. प्रश्न चिठ्ठीवर लिहून बैठकीतल्या पेटीत टाका. नाव लिहायची गरज नाही.