फेस थोडा कमी चालेल, पाणी जपा!

मागच्या उन्हाळ्यातला एक रविवार. आमच्या गल्लीत नळाला पाणी येऊन गेलं होतं. घरातले सगळे ड्रम, हंडे, वरची टाकी भरलेली. म्हणजे जालन्याच्या भाषेत आम्ही त्या दिवशी श्रीमंत! धाकट्या भावाने हाच मुहूर्त साधला आणि पप्पांची शाळेची व्हॅन धुवायला काढली. रील्स बघून त्याने ऑनलाइन गुलाबी फोमची बाटली आणि हाताने हवा भरायचा फोम पंप मागवला होता.

दहा मिनिटांत व्हॅन महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी क्रीमसारखी दिसायला लागली. फोटो झाले, स्टोरी पडली. मग फेस काढायची वेळ आली आणि तो काही जाईना. हात फिरवला की पत्रा बुळबुळीतच. वरून ऊन, त्यामुळे अर्धा फेस जागेवरच वाळून त्याचे ओघळ पडले. पाइप चालूच. शेवटी वरच्या टाकीने दम तोडला तेव्हा आई बाहेर आली.

"गाडी तर चकाचक झाली. आता स्वयंपाक काय पेट्रोलात करू का?"

त्या एका वाक्यामुळे मी हा विषय मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं. कारण आता भावाला आणि त्याच्या मित्राला कॉलेज सांभाळून रविवारी घरोघरी गाड्या धुवायचा साइड बिझनेस करायचाय. आयडिया भारी आहे. पण जालन्यात हे करायचं तर कोणता फोम, कोणतं मशीन, हा प्रश्न फिरून पाण्यावरच येतो.

आधी हिशोब

आम्ही आमच्या पाइपाखाली पंधरा लिटरची बादली धरली. साधारण एका मिनिटात भरली. व्हॅन धुताना पाइप बारा मिनिटं चालू राहिला तरी 180 लिटर गेले. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे एका आंघोळीत आपल्या गाडीने तीन माणसांचं दिवसाचं पाणी संपवलं!

आणि हे आपल्याकडे. घाणेवाडीचा तलाव आणि पैठणचं जायकवाडी यांच्या भरवशावर हे शहर जगतं. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याने काय बघितलं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि हे फक्त मराठवाड्याचं दुखणं आहे असंही नाही. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लावला गेला. उद्या ही वेळ कुठल्याही शहरावर येऊ शकते.

मग फोम कशाला? फडकं मारलं तर?

हाच तर घोळ आहे. आपल्याकडे रोज सकाळी कोरडं फडकं मारायची पद्धत. पण रस्त्यावरची धूळ म्हणजे नुसती पावडर नसते, तिच्यात बारीक खर असते. कोरड्या फडक्याने आपण तीच खर रंगावर घासतो. काळ्या किंवा गडद गाडीचं बोनेट उन्हात तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील. ते याच फडक्याचे.

प्री-वॉश फोमचं काम इथे येतं. हात लावायच्या आधी धूळ भिजवून, सैल करून खाली उतरवायची. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला. मळ सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. मग फेस कशाला? तर नुसतं साबणाचं पाणी उभ्या दारावरून लगेच ओघळून जातं, फेस मात्र तीन-चार मिनिटं चिकटून राहतो. म्हणजे मळ काढतं ते रसायन आणि त्याला दिलेला वेळ. फेस किती जाड, किती गुलाबी, हे रील्ससाठी.

बाटली घेताना काय वाचायचं?

पहिली गोष्ट, पीएच. सातच्या आसपास असेल तर तो न्यूट्रल. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीला आणि नेहमीच्या धुळीला हाच बरा. नऊच्या पुढे गेला की अल्कलाइन. तेलकट, चिकट मळ तो झटकन काढतो, पण वॅक्सही उतरवतो. मोसंबीच्या कॅरेटची पिकअप किंवा दिवसभर हायवेवर पळणारी छोटा हत्ती असेल तर खालच्या भागाला असा फोम कामाचा. पण रोज नाही, आणि हातात ग्लोव्हज हवेत.

कपडे धुवायची पावडर? नकोच. ती चांगलीच अल्कलाइन असते, वॅक्स घालवते आणि नीट विरघळली नाही तर तिचे दाणेच रंगाला घासतात. रिमला अॅसिड तर मुळीच लावू नका. पप्पांनी एकदा एका वॉशिंग सेंटरवर व्हॅन दिली होती, तिथे कुणीतरी व्हील 'चमकवायला' अॅसिड मारलं. त्याचे पांढरे डाग आजही आहेत.

एमआयडीसीत गाडी लावणाऱ्यांसाठी आणखी एक. पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसत असतील तर ते बहुधा हवेतून बसलेले आणि गंजलेले लोखंडाचे कण. ते फोमने जाणार नाहीत. त्याला आयर्न रिमूव्हर वेगळा मिळतो. नखाने खरवडू नका.

भावाचं चुकलं कुठे?

मिसळताना! बाटलीवर लिहिलं होतं, 'एकास दहा'. त्याने दोन लिटरच्या हातपंपात 200 मिली ओतले. पण ते प्रमाण प्रेशर मशीनला लावायच्या फोम लान्ससाठी होतं. लान्सच्या बाटलीत 100 मिली शाम्पू आणि 900 मिली पाणी टाकलं, तरी मशीन फवारताना त्यात आणखी कितीतरी पाणी मिसळतं. त्या एका लिटर मिश्रणाबरोबर मशीनचं दहा लिटर पाणी गेलं असं धरा. म्हणजे गाडीवर पोचतो जेमतेम एक टक्का. हातपंपात मात्र जे भरलं तेच बाहेर येतं. तिथे एक टक्का हवा तर दोन लिटरला 20 मिली पुरे.

आता धंद्याचं गणित बघा. 20 मिलीने एका लिटरच्या बाटलीत 50 गाड्या होतात. भावाच्या पद्धतीने फक्त पाच! वर जास्त शाम्पू म्हणजे तो काढायला जास्त पाणी. प्रत्येक ब्रँडचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे हातपंपासाठी काय लिहिलंय ते शोधा, आणि शंका आली तर कमीपासून सुरुवात करा.

मशीन की हातपंप?

प्रेशर मशीन पाणी उडवतं असं आपल्याला वाटतं. खरं तर उलटं आहे. मशीनवर 'बार' बघू नका, आधी 'लिटर प्रति तास' बघा. तासाला 360 लिटरचं मशीन म्हणजे मिनिटाला सहा लिटर. पाच मिनिटं चालवलं तर 30 लिटर. घरच्या गाडीला 100 ते 130 बारचा जोर भरपूर झाला.

पण जालन्यात खरेदी करताना एक प्रश्न सगळ्यात आधी विचारा: हे मशीन ड्रममधून स्वतः पाणी ओढतं का? बरीच मशीन चालू नळाला जोडायची असतात. आपला नळ रोज कुठे चालू असतो? 'सेल्फ सक्शन' नसेल तर ते मशीन कोपऱ्यात धूळ खाणार. पाणी ओढायच्या पाइपाला जाळीचा फिल्टर लावाच, ड्रमाच्या तळातली माती पंपात गेली की तो खराब होतो. आणि कोरडं चालवू नका. ओल्या अंगणात विजेचं मशीन चालवायचं तर अर्थिंग आणि ईएलसीबी नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. नोझल रुंद फवाऱ्याचं हवं, गाडीपासून निदान एक फूट लांब. रेडिएटर, टायरच्या बाजू आणि 'स्कूल व्हॅन'चे स्टिकर यांच्यावर जोर मारायचा नाही.

एवढा खर्च झेपत नसेल तर हातपंप घ्या. चांगला दोन लिटरचा पंप हजाराच्या आत मिळतो, वीज लागत नाही, पिशवीत मावतो. फोम जरा पातळ येतो, बस एवढंच. घरोघरी जाणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत. पहिल्या महिन्याची कमाई हातात आली की मशीनचं बघू.

आमची चार बादल्यांची पद्धत

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत. पत्रा गरम असेल तर थांबा. कोरड्या गाडीवरच खालून वर फोम मारायचा, तीन-चार मिनिटं ठेवायचा, पण वाळू द्यायचा नाही. मग दोन बादल्या पाण्याने, मग्ग्याने वरून खाली उतरवायचा. नंतर एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. टपापासून खाली यायचं. चाकांना आणि खालच्या पट्टीला वेगळं फडकं. शेवटचा हात साध्या पाण्याच्या बादलीतल्या वरच्या, नितळ पाण्याने.

चारही बादल्या पंधरा-पंधरा लिटरच्या धरल्या तरी 60 लिटर. कुठे 180, कुठे 60!

बोअरचं पाणी जड असतं, ते वाळलं की पांढरे ठिपके पडतात. म्हणून टॉवेलने लगेच टिपायचं. आणि धुतलेलं तेलकट पाणी विहिरीच्या, बोअरच्या किंवा नाल्याच्या दिशेने सोडायचं नाही. शहरातले नाले शेवटी कुंडलिका-सीनेलाच मिळतात.

गेल्या रविवारी भावाने याच पद्धतीने व्हॅन धुतली. फेस इतका साधा होता की त्याने स्टोरीसुद्धा टाकली नाही. पप्पांनी दारावर बोट फिरवून बघितलं, मान हलवली. आईने मात्र गाडीकडे बघितलंच नाही. ती आधी ड्रमपाशी गेली, झाकण उचलून आत डोकावली आणि भावाला म्हणाली, "ये, चहा घे."