वेल्डिंगचे दोन ‘अर्थिंग’

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. ऊसतोडीला निघण्याआधी हूक, फाळके दुरुस्त करून घ्यायचे असतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरच्या पडवीतही वेल्डिंगचे यंत्र असेल. त्याच्या एका जाड केबलला होल्डर असतो, दुसरीला चिमटा. या चिमट्याला सगळे ‘अर्थिंग’ म्हणतात आणि घोटाळा येथेच होतो.

हा चिमटा जमिनीसाठी नाहीच. यंत्राच्या दुय्यम वेटोळ्यातून निघालेला प्रवाह होल्डर, रॉड आणि लोखंड यांतून फिरून त्याच वेटोळ्यात परत यावा लागतो. चिमटा ही त्याची परतीची वाट. सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या रॉडला सुमारे 100 अँपिअर प्रवाह लागतो. समजा, फाळका जोडताना चिमटा चाकाला लावला. मग हे 100 अँपिअर बेअरिंगच्या गोळ्यांतून जातात आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. शेडच्या खांबाला लावला, तर ट्रॉलीवर टेकवलेल्या ड्रिलची बारीक अर्थची तारही परतीची वाट होऊ शकते. मग तिचे वेष्टण जळते. म्हणून चिमटा जोडाजवळच, गंज आणि रंग खरवडून, घट्ट लावावा.

खरे अर्थिंग म्हणजे यंत्राच्या पेटीपासून जमिनीत जाणारी हिरवी तार. आतली 230 व्होल्टची तार उघडी पडून पेटीला लागली, तर प्रवाह हिच्यातून जमिनीत जातो. वाटेतला एकूण रोध 5 ओहम असेल, तर ओहमच्या नियमाने 46 अँपिअर वाहतील आणि 16 अँपिअरचा फ्यूज वितळेल. पण आपली जमीन पाहा! उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खाली मुरूम आणि खडक. रोध 46 ओहम झाला, तर प्रवाह अवघा 5 अँपिअर. फ्यूज शाबूत, यंत्र चालू, आणि पेटीला हात लावणाऱ्याच्या जिवाशी गाठ!

यासाठीच अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळशाचे थर देतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. (हे काम परवानाधारक वायरमनचे, तुम्ही फक्त पाणी घाला.) जोडीला आरसीसीबी बसवावा. तो 30 मिलिअँपिअरच्या गळतीलाही वीज तोडतो, त्यामुळे 5 अँपिअर त्याला भरपूर झाले.

होल्डरच्या बाजूची गळती मात्र त्याला कळत नाही, कारण ते वेटोळे वेगळे आहे. रॉड टेकलेला नसताना तेथे 80 व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. घामेजल्या हाताला तेवढा पुरे. तेथे उपयोगी पडतात ते कोरडे चामडी हातमोजे आणि पायांखालची लाकडी फळी.