वाकलेल्या गुडघ्याचे माप

शिंपी माप घेताना सांगतो, ‘सरळ उभे राहा, हात खाली सोडा.’ आपण तसे उभे राहतो. छाती, कंबर, बाही टेपने मोजली जाते आणि त्या मापावर कपडा बेतला जातो. पण तोच कपडा घालून मूल खो-खोत उकिडवे बसते, कबड्डीत चढाई करताना हात पुढे फेकते. मग विजारीची शिवण उसवते, बाही काखेत काचते. बोलणी शिंप्याला किंवा मुलाला बसतात. चूक खरे तर मापाची असते. हलणाऱ्या शरीराचा कपडा उभ्या शरीरावर मोजलेला असतो.

एक साधा प्रयोग वर्गात करून पाहा. पाय सरळ ठेवून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून ५ सेंमी वर आणि ५ सेंमी खाली बॉलपेनने एकेक ठिपका काढा. आता उकिडवे बसा आणि टेप त्वचेला लावून अंतर पुन्हा मोजा. आम्ही मोजले तेव्हा १० सेंमीचे साडेतेरा सेंमी झाले होते. किर्क आणि इब्राहीम या संशोधकांनी १९६६ साली अशी मापे प्रसिद्ध केली. त्यांना गुडघ्यावरची त्वचा उभ्या दिशेने सुमारे ३५ ते ४५ टक्के, तर आडव्या दिशेने १२ ते १४ टक्के ताणलेली आढळली.

त्वचा एवढी वाढते तेव्हा कपड्यापुढे तीनच वाटा असतात. तो मुळातच सैल असावा, त्वचेवरून सरकावा किंवा स्वतः ताणला जावा. धोतर आणि साडी पहिल्या दोन वाटांनी जातात. घामाने कपडा अंगाला चिकटला की सरकणे थांबते. पावसात भिजलेली पँट गुडघ्यावर अडते ती यामुळेच. घट्ट क्रीडावस्त्राला तिसरीच वाट उरते. १९५८ साली जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेल्या स्पँडेक्स तंतूमुळे ती सोपी झाली.

तरीही कापड सगळीकडे सारखेच ताणले जाऊन चालत नाही, कारण त्वचा तशी ताणली जात नाही. समजा, त्वचेवर शाईने एक लहान वर्तुळ काढले. हालचालीत ते उभे २० टक्के वाढले आणि आडवे १० टक्के आकसले, तर त्याचे लंबवर्तुळ होईल. काही व्यास वाढले, काही घटले. मग मध्ये कुठेतरी न वाढणारा, न घटणारा व्यास असलाच पाहिजे! वरच्या आकड्यांनी गणित केले, तर वर्तुळावरचा हा व्यास उभ्या रेषेशी सुमारे ५७ अंशांचा कोन करतो. असे दोन व्यास मिळतात, एक डावीकडे कललेला आणि एक उजवीकडे. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा कोन स्वतः काढावा.) शेजारशेजारच्या वर्तुळांतील असे व्यास जोडत गेले की शरीरावर न ताणल्या जाणाऱ्या रेषांचे जाळे तयार होते. अमेरिकेतील आर्थर आयबेरॉल यांनी या रेषा उंच आकाशात वापरायच्या दाबपोशाखांसाठी उपयोगात आणल्या. त्यावरचा त्यांचा एक अहवाल १९६४ सालचा आहे. न ताणणारी दोरी या रेषांवरून नेली, तर सांध्याला अडथळा होत नाही. खेळाच्या कपड्याची जाड शिवण कुठून न्यावी, याचेही उत्तर इथेच आहे. मात्र जिथे त्वचा उभी-आडवी दोन्हीकडे वाढते, उदाहरणार्थ वाकलेल्या गुडघ्याच्या ऐन वाटीवर, तिथे अशी रेषा सापडत नाही. तिथे कापडच लवचीक हवे.

हे सगळे धावत्या माणसावर मोजायचे कसे? अनेक कॅमेरे एकाच वेळी चित्रे घेतात आणि संगणक त्यांतून शरीराचा त्रिमित आकार उभा करतो. अडचण वेगळीच आहे. पहिल्या चित्रातला त्वचेचा एखादा बिंदू पुढच्या चित्रात नेमका कुठे गेला, हे कळायला हवे, आणि कोरी त्वचा सगळीकडे सारखीच दिसते. म्हणून जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली १० जणांच्या अंगावर बारीक नक्षी रंगवून प्रत्येकाच्या ३० अवस्था टिपल्या. २०१७ पर्यंत त्यांनी हलत्या शरीराचे सेकंदाला ६० त्रिमित आकार टिपून दाखवले.

शाळेत एवढी साधने नसतात. पण बाटलीचे झाकण शाईत बुडवून दंडावर, कोपरावर, पाठीवर ठसे उमटवता येतात. हात खाली असताना एकदा आणि वर उचलल्यावर एकदा, प्रत्येक ठशाचे दोन व्यास मोजा. संघाचा गणवेश शिवायला टाकण्यापूर्वी हा तक्ता शिंप्याला दाखवा. तो कापड कुठे सैल सोडायचे ते लगेच ओळखेल.