ऊतींचे परीक्षण आणि पहिला तास

‘ऊती’ या संज्ञेच्या मुळाशी विणणे हा अर्थ आहे; फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या ‘टिश्यू’ शब्दाचा मूळ अर्थही विणलेले वस्त्र असाच होय. समान कार्य करणाऱ्या पेशी व त्यांमधील आंतरद्रव्य मिळून ऊती बनते. अभिस्तर, संयोजी, स्नायू व चेता असे तिचे चार मुख्य प्रकार मानतात. अभिस्तर ऊतीतील विकृत पेशी खालचे आधारपटल भेदून आत शिरल्या आहेत काय, यावर तोंडातील व्रणासारख्या विकारात कर्करोगाचा निर्णय बव्हंशी अवलंबून असतो. म्हणून तुकड्यातील मूळ वीण अबाधित राहणे अगत्याचे असते.

परंतु शरीरापासून विलग होताच पेशींतील एंझाइमे पेशींचेच विघटन करू लागतात. उष्णतेने ही क्रिया त्वरित होते. ती थांबविण्यासाठी तुकडा तत्काळ दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावयाचा असतो. द्रावण तुकड्याच्या किमान दसपट असावे. ते ऊतीत सावकाश झिरपते. यास्तव मोठ्या तुकड्याचे काप करावे लागतात. यास स्थिरीकरण म्हणतात.

पुढे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढून टाकतात, झायलीनने अल्कोहोल घालवितात आणि वितळलेले पॅराफिन मेण ऊतीत भरतात. मेण गोठल्यावर मायक्रोटोमने सुमारे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. हेमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी, तर इओसिनने पेशीद्रव्य गुलाबी दिसते.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडला १९८८ मध्ये, तर लातूरला २००२ मध्ये स्थापन झाले. तथापि तालुक्याच्या गावी काढलेल्या तुकड्याचे भवितव्य तो प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच ठरलेले असते. या दोन्ही जिल्ह्यांत मे महिन्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते. अशा वेळी तुकडा कोरड्या कापडात गुंडाळून ठेवला, अथवा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये बुडविला, तर विघटन चालूच राहते. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा कठीण झाल्यावर अखंड बाहेर निघत नाही.

मेणातील ठोकळ्यापासून पुन्हा छेद घेता येतो, फिका रंगही पुन्हा देता येतो. नासलेली वीण मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही. रुग्णावर पुन्हा शस्त्र चालवावे लागते, आणि दरम्यान रोग वाढण्याचा संभव असतो. म्हणून ऊतिपरीक्षणाचा आरंभ सूक्ष्मदर्शकापाशी नव्हे, शस्त्रक्रियेच्या मेजापाशी होतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.